अवजार बँक: वारंगुळ्यापासून भाडेदरापर्यंत

शेतकरी गटाच्या शेडमध्ये ढेकळे फोडणारा रोटाव्हेटर, पलटी नांगर, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणीयंत्र, मळणीयंत्र अशी अवजारे ठेवून ती सभासदांना ठरलेल्या दराने द्यायची, ही अवजार बँक. 2014-15 पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून तिला अनुदान मिळू लागले, नंतर राज्याच्या पोकरातूनही (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प). योजना अलीकडची असली तरी रीत जुनीच.

ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजाऱ्याशी वारंगुळा करायचा: आज तुझे रान, उद्या माझे. कुणाची नांगरट मागे पडली की इर्जिक घालत. गावातले नांगर-बैल एका दिवशी त्याच्या रानात उतरत आणि मजुरीऐवजी जेवण असे. अवजार मोडले तर सुतार-लोहार होते. त्यांना कामागणिक पैसे नसत, सुगीला खळ्यावर बलुते मिळे. त्यातला जातीचा जाच पाहता बलुतेदारीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण अवजार मोडो न मोडो, दुरुस्तीचा वाटा दरसाल बाजूला पडत होता. आजच्या बँका नेमक्या तिथेच अडतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो खपायला वेळ लागला. मोठ्या लोखंडी नांगराला तीन-चार बैलजोड्या लागत, म्हणजे वारंगुळा सुटला नाहीच. सुटला तो लोहार. ओतीव बिडाचा भाग भट्टीत तापवून ठोकता येत नाही, तो विकतच आणावा लागतो.

पुढे ट्रॅक्टर आले आणि जमिनीचे तुकडे पडत गेले. महाराष्ट्रात दर खातेदाराची सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली. एवढ्या रानासाठी स्वतःचा रोटाव्हेटर घेणे परवडत नाही.

अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1979 मध्ये अवजारे उसनी द्यायला सुरुवात केली. तिथला ड्रिल वर्षभरात कधीही नेला तरी चालतो. शेतीचे तसे नाही. 75 ते 100 मिमी पाऊस झाला की काळ्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जेमतेम तीन-चार दिवस टिकतो आणि पेरणीयंत्र सगळ्यांना त्याच दिवसांत हवे असते. बीबीएफवर सोयाबीनचे बियाणे हेक्टरी 75 किलोऐवजी 50-55 किलोत भागते, म्हणून ओढाताण आणखी वाढते. ‘आधी नोंद, आधी यंत्र’ या नियमाने यंत्र गावाच्या या टोकाहून त्या टोकाला पळत राहते. डिझेल जाते आणि दिवसही. पाळी शिवाराच्या एका बाजूने, गटनंबरांच्या क्रमाने लावलेली बरी, आणि दरवर्षी सुरुवातीची बाजू बदलावी.

दराचेही तसेच. एकरी दर ठरवला तर चालक गाडी दामटतो आणि ढेकळे राहतात. तासावर ठरवला तर शेतकऱ्याला वाटते, मुद्दाम सावकाश चाललाय. बहुतेक ठिकाणी एकरी दरच चालतो. तिथे गिअर आणि पीटीओचे (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेरे आधीच ठरवून द्यावेत.

रोटाव्हेटर बंद पडतो तो बहुधा क्षुल्लक कारणाने. पऱ्हाटीचे धागे, ठिबकची नळी, तार शाफ्टला गुंडाळते, ऑइल सील कापले जाते, तेल गळते आणि बेअरिंग जळते. परत घेताना शाफ्ट हाताने मोकळा करून बघायला पाच मिनिटे पुरतात. नवी पाती बसवल्यावर पहिल्या काही तासांनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. झिजलेले एकच पाते बदलले तर तोल जाऊन यंत्र हादरते. समोरासमोरची जोडी बदलावी. टॉप लिंकच्या (अवजार ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) पिना मात्र हमखास हरवतात, म्हणून त्यांची वेगळी अनामत ठेवलेली बरी.

मळणीयंत्राची कथा वेगळी. गव्हाला लावलेला वेग सोयाबीनला तसाच ठेवला तर दाण्याची डाळ होते. बियाण्यासाठी ओलावा 13-14 टक्के आणि ड्रमचे फेरे मिनिटाला 350 ते 400 हवेत. त्यासाठी पुली बदलावी लागते आणि ती बहुतेक वेळा शेडमध्येच राहिलेली असते. दाणा वरून अखंड दिसला तरी उगवण घटते, हे कळते पुढच्या जूनमध्ये. बियाणे ठेवणाऱ्याने चाळण्या आणि ड्रम झाडून घ्यावा, नाहीतर आधीच्याचे वाण त्यात मिसळते.

अनुदानात यंत्र येते. पाती, सील, पट्टे येत नाहीत. दर ठरवताना डिझेल आणि चालकाची मजुरी धरतात, झीज धरत नाहीत. पहिल्या वर्षी नफा दिसतो, गट तो वाटून घेतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात गिअरबॉक्स उघडायची वेळ येते तेव्हा वर्गणी मागावी लागते. दुरुस्तीचा हिस्सा एकरी दरातच धरून वेगळ्या खात्यात टाकणाऱ्या गटाला ती मागावी लागत नाही.