ड्रायव्हर नाही, की फर्मवेअर नाही?

गेल्या दिवाळीत एकाच आठवड्यात दोन लॅपटॉप माझ्या पुढ्यात आले. एक शेजारच्या काकांचा. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या आमच्या गल्लीत त्याहून म्हातारा लॅपटॉप नसेल. विंडोज रडतखडत चालायला लागलं म्हणून पुण्याहून आलेल्या मुलानं जुन्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११ हे लिनक्स घालून दिलं आणि दुसऱ्या दिवशी तो गाडीत बसला. दुसरा लॅपटॉप भाचीचा, कॉलेजसाठी घेतलेला, कोरा करकरीत. त्यावर तिनं एका सीनिअरच्या पेनड्राइव्हवरून उबंटू २२.०४ हे दुसरं लिनक्स टाकलेलं. दोन्हींच्या सेटिंगमध्ये वायफायच्या पानावर तेच वाक्य: वायफाय अडॅप्टर सापडला नाही.

काका म्हणाले, "अरे, ड्रायव्हर टाकून दे की त्यात." भाचीचंही तेच, "मामा, ड्रायव्हरच नाहीये ह्यात."

भाचीचं बरोबर होतं, काकांचं नव्हतं. काकांच्या लॅपटॉपात ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून होता. नव्हतं ते फर्मवेअर. बाहेरून दुखणं एकच दिसतं, औषध मात्र अगदी वेगळं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर संध्याकाळ वाया जाते, आणि कधी कधी चालू असलेलंही बिघडतं.

हे दोन शब्द एकात एक मिसळले त्याला आपली विंडोजची सवय कारण आहे. तिथे कंपनीची एक सेटअप फाइल येते, ती दोनदा क्लिक केली की झालं. तिच्या पोटात ड्रायव्हरही असतो आणि फर्मवेअरही, म्हणून वेगळी नावं शिकायची वेळच येत नाही. लिनक्सवर दोघांची घरं वेगळी आहेत. ड्रायव्हर कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, भाग असतो, कर्नलबरोबरच येतो. फर्मवेअर म्हणजे डिस्कवर 'लिब'च्या आतल्या 'फर्मवेअर' फोल्डरात ठेवलेल्या सुट्या फाइली, आणि त्या वेगळ्या पॅकेजमधून येतात.

ड्रायव्हर चालतो तो लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर. हे कार्ड कुठलं, त्याला कसं उठवायचं, नेटवर्कचं पाकीट त्याच्या हातात कसं द्यायचं, एवढं त्याला कळतं. फर्मवेअर त्या प्रोसेसरवर चालतच नाही. वायफायच्या कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, फर्मवेअर त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. रेडिओ कधी बोलणार, कधी गप्प बसणार, पोच किती मायक्रोसेकंदात द्यायची, ही घाईची कामं तिथल्या तिथे उरकावी लागतात.

इंदूरकरांना सराफा आठवला तर हे लगेच कळेल. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि रात्री शटर खाली आलं की त्याच ओट्यांवर भुट्टे का कीस, गराडू, दहीवडे. सकाळी जाऊन बघा, ओटा रिकामा. रात्रीची कढई, शेगडी, चाशनी यांचा मागमूस नाही, रोज संध्याकाळी सगळं नव्यानं आणून मांडावं लागतं. बहुतेक वायफाय कार्डांचं असंच आहे. त्यांच्या मेमरीत वीज असेपर्यंतच काही राहतं. लॅपटॉप बंद केला की ओटा धुऊन स्वच्छ. पुन्हा चालू केला की ड्रायव्हर डिस्कवरून फर्मवेअरची फाइल उचलतो, कार्डावर नेऊन ठेवतो, आणि मगच कार्ड दुकान मांडतं. माल आणणारा हमाल म्हणजे ड्रायव्हर, माल म्हणजे फर्मवेअर. पुढे गिऱ्हाइकाची ऑर्डरही हाच हमाल आत पोचवतो, इथे आमच्या उपमेचा ओटा जरा डुगडुगतो, पण असो.

फर्मवेअर कार्डावरच कायमचं कोरून का ठेवत नाहीत? कायमस्वरूपी मेमरीचे पैसे वाचतात, आणि चूक निघाली तर फाइल बदलली की झालं. काही कार्डांना मात्र बाहेरून माल लागतच नाही. एथेरॉसची जुनी, आत बसवायची कार्डं 'एटीएच९के' ड्रायव्हरवर चालतात आणि त्यांना फर्मवेअरची फाइलच नको असते. जुन्या लिनक्सवाल्यांचा त्या कार्डांवर जीव आहे तो उगाच नाही.

आता मुलानं डेबियन नीट घातलं होतं, तरी फर्मवेअर का नव्हतं? कर्नलमधले ड्रायव्हर मुक्त असतात, त्यांचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणीही वाचावा. फर्मवेअर बहुतेक वेळा कंपनीनं दिलेली बंद फाइल असते. आत काय आहे ते फक्त कंपनीला माहीत. डेबियननं तत्त्वाला धरून अशा फाइली आपल्या मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या होत्या. २०२२ साली त्यांनी यावर मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागल्या. काकांकडचं ११ त्याच्या आधीचं. तत्त्व मला पटतं. पण घरात नेटच नसलेल्या माणसाला नेटवरून फाइल उतरवून घ्या म्हणणं मला कधीच पटलं नाही.

तर ओळखायचं कसं? आधी एक किरकोळ शक्यता बाजूला काढा. कार्ड सेटिंगमध्ये दिसतंय पण चालू होत नाही, असं असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'आरएफकिल लिस्ट' लिहून बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' समोर 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल' नं सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपच्या कडेचं बटण किंवा विमानाचं चित्र असलेली की बघा. त्या दुखण्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही आणि फर्मवेअरशीही नाही.

मग त्याच टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय', जागा सोडून डॅश, आणि त्याला चिकटून 'एनएनके'. कार्ड यूएसबीचं असेल तर 'एलएसयूएसबी'. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. नावापुढे चौकटी कंसात दोन आकडे दिसतील, मधे विसर्गासारखे दोन टिंब. पहिला आकडा कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. दुसरा नेमक्या कार्डाचा. लॅपटॉपच्या खोक्यावरचं नाव विसरा आणि हे दोन आकडे लिहून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळी कार्डं निघू शकतात.

कार्डाच्या नावाखाली दोन ओळी असू शकतात. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' म्हणजे आत्ता कामावर असलेला ड्रायव्हर. 'कर्नल मॉड्यूल्स' म्हणजे हे कार्ड मला चालवता येतं असं म्हणणारा ड्रायव्हर, मग तो कामावर असो वा नसो.

भाचीच्या लॅपटॉपावर दोन्ही ओळी नव्हत्या. म्हणजे त्या कर्नलमध्ये त्या कार्डाला ओळखणारा कुणीच नव्हता. निदान झालं, ड्रायव्हर नाही.

काकांच्या लॅपटॉपावर गंमत होती, आणि बहुतेक जण इथेच फसतात. 'इन यूज'ची ओळ नव्हती, पण 'मॉड्यूल्स'ची होती. "इन यूज दिसत नाही म्हणजे ड्रायव्हर नाही" असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. इंटेलचा 'आयडब्ल्यूएलवायफाय' ड्रायव्हर घ्या. तो कार्डापाशी जातो, फर्मवेअरची फाइल शोधतो, सापडली नाही की कार्ड सोडून देतो. हमाल आला होता, गोदामात माल नाही म्हणून परत गेला. मागाहून ओट्यावर कुणी दिसत नाही, याचा अर्थ हमालच नाही असा नव्हे. म्हणून दुसरी ओळ असेल तर ड्रायव्हर टाकायच्या भानगडीत पडू नका, कर्नलची डायरी उघडा.

ती डायरी म्हणजे 'सुडो डीमेसेज' (टाइप करताना डीएमईएसजी). मजकूर लांबलचक येतो, त्यातून 'फर्मवेअर' शब्दाच्या ओळी गाळून घ्या. काकांकडे हवी ती ओळ समोरच आली: डायरेक्ट फर्मवेअर लोड अमुक फाइलसाठी फसलं, एरर उणे २. कर्नलच्या भाषेत उणे २ म्हणजे फाइल जागेवर नाही. कुठली फाइल हवी तेही त्याच ओळीत असतं, डॉट यूकोड असं शेपूट असलेलं नाव.

पण उणे २ दिसला की लगेच फर्मवेअरच्या मागे धावायचं नाही. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यांत नवी फाइल मागतो, ती नसली तर तिच्या आधीची, मग तिच्याही आधीची. तीन-चार ओळी लाल शाईत अपयश सांगतात आणि पाचवी शांतपणे म्हणते, 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अमुक. ही पाचवी ओळ असेल तर फर्मवेअर पोचलेलं आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. 'आयडब्ल्यूएल-डीबग-योयो' नावाची फाइल सापडली नाही असंही दिसतं. ती कंपनीच्या तपासणीसाठीची आहे, तिच्यावाचून काही अडत नाही. 'रेग्युलेटरी डॉट डीबी' सापडली नाही ही ओळही कार्ड दिसेनासं होण्याचं कारण नसते. ती फाइल कुठल्या देशात कुठल्या चॅनेलवर किती ताकदीनं बोलायचं त्याची असते. या तीन ओळींपायी लोकांनी आख्खी सिस्टिम पुन्हा टाकलेली मी पाहिली आहे.

अजून एक सापळा. उबंटू २४.०४ मध्ये फर्मवेअरच्या फाइली दाबून ठेवलेल्या असतात, शेवटी 'झेडएसटी' असं शेपूट. हवी ती फाइल नावानं शोधली, दिसली नाही, म्हणून गेली असं समजू नका. कर्नल स्वतः ती उघडून घेतो.

फर्मवेअर नसेल तर औषध सोपं आहे. कंपाइल, म्हणजे सोर्सपासून बांधणं, काही करायचं नसतं, फक्त पॅकेज टाकायचं. डेबियनवर इंटेलसाठी 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', रिअलटेकसाठी 'फर्मवेअर-रिअलटेक'. उबंटूवर एकच मोठं 'लिनक्स-फर्मवेअर'. डेबियन ११ मध्ये पॅकेजांच्या यादीत 'नॉन-फ्री' विभाग जोडावा लागतो. ११ वरून १२ वर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं की हा माल आता 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या नव्या विभागात गेला आहे. यादीत तो न जोडता अपग्रेड केलं तर या पॅकेजांचे नवे अपडेट येतच नाहीत. आणि 'इंटेल-मायक्रोकोड' नावाच्या पॅकेजच्या वाटेला जाऊ नका, ते प्रोसेसरसाठी आहे. तसंच सॉफ्टवेअरच्या दुकानात अधूनमधून 'फर्मवेअर अपडेट' म्हणून जे येतं ते सहसा बायोसचं, म्हणजे लॅपटॉप चालू होताना आधी जागं होणाऱ्या प्रोग्रॅमचं, असतं. शब्द तोच, वस्तू वेगळी.

नेटच नाही तर पॅकेज आणायचं कसं? मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते तारेचं नेटवर्क वाटतं, त्याला वायफायच्या फर्मवेअरची गरज पडत नाही. जेल रोडवर जाऊन यूएसबीत लावायचं वायफायचं डोंगल विकत घेण्याआधी हे करून बघा. नव्या डोंगललाही ड्रायव्हर आणि बहुधा फर्मवेअर लागतंच, म्हणजे एकाचे दोन आजारी व्हायचे. काकांचं काम त्यांच्याच मोबाइलवर चहा निवायच्या आत झालं. लॅपटॉप बंद करून चालू केला, आणि गल्लीतली सगळी वायफायं यादीत हजर. "बघ, म्हटलं नव्हतं? ड्रायव्हरच होता," काका म्हणाले. मी वाद घातला नाही.

ड्रायव्हर नसणं हे जास्त जड प्रकरण. बहुधा त्याचा अर्थ असा की कार्ड कर्नलपेक्षा तरुण आहे. रिअलटेकचं ८८५२बीई हे कार्ड घ्या, ओळखीचे आकडे १०ईसी आणि बी८५२. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ आवृत्तीत, म्हणजे फेब्रुवारी २०२३ मध्ये. उबंटू २२.०४ च्या पहिल्या पेनड्राइव्हवर कर्नल ५.१५. तिथे सेटिंगमध्ये हे कार्ड दिसणारच नाही, आणि फर्मवेअरच्या फाइली पोत्यानं आणून ओतल्या तरी उपयोग नाही. माल आहे, हमाल जन्मालाच यायचाय.

अशा वेळी माझं मत ठाम आहे: आधी नवा कर्नल. उबंटू २२.०४ वर 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे पॅकेज टाकलं की कर्नल ६.८ पर्यंत जातो. सरळ २४.०४ टाकलं तर पहिल्यापासूनच ६.८ किंवा त्याहून नवा. बाहेरून ड्रायव्हरचा सोर्स आणून कंपाइल करणं हा शेवटचा उपाय. पण व्हिडिओंत तोच पहिला सांगतात, कारण तो दाखवायला छान दिसतो.

भाचीनं माझ्याकडे येण्याआधी तेच केलं होतं. सीनिअरच्या सांगण्यावरून डीकेएमएस वापरून ड्रायव्हर बांधला. डीकेएमएस म्हणजे कर्नल बदलला की बाहेरचा ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधून देणारी सोय. बांधला गेला, पण चढेना; 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. लॅपटॉपाचं सिक्युअर बूट चालू होतं, आणि सही नसलेला ड्रायव्हर ते दारातूनच परत पाठवतं. ड्रायव्हरवर स्वतःच्या किल्लीनं सही करून ती किल्ली लॅपटॉप चालू होताना निळ्या पडद्यावर नोंदवावी लागते. तो पडदा एकदाच येतो. भाचीनं घाबरून तिथे एंटर दाबून पुढे ढकललं होतं.

केबलनं मोबाइल लावला, नवा कर्नल घातला, त्यातला ड्रायव्हर एकदा हातानं चढवला. 'इन यूज'ची ओळ आली आणि वायफायही लागलं. पण तिनं बांधलेला तो जुना ड्रायव्हर अजून डीकेएमएसच्या यादीत बसून होता. तो राहू दिला तर एका कार्डावर दोन हमाल होतात. पुढच्या कर्नल अपडेटला जुना पुन्हा बांधला जातो, कधी बांधताना मोडतो, कधी नव्याला बाजूला सारून स्वतः पुढे बसतो, आणि वायफाय अचानक गायब. म्हणून 'डीकेएमएस स्टेटस' नं त्याचं नाव आणि आवृत्ती बघितली, 'डीकेएमएस रिमूव्ह' नं सगळ्या कर्नलांमधून काढला, आणि तो बसवताना ब्लॅकलिस्टच्या, म्हणजे कुठला ड्रायव्हर आपोआप चढवायचा नाही त्याच्या, फाइलीत टाकलेली ओळही पुसली. ही शेवटची ओळ सगळे विसरतात. ती तशीच राहिली असती तर कर्नलमधला चांगला ड्रायव्हरही चालू होताना आपणहून चढला नसता, आणि भाची पुन्हा म्हणाली असती, "मामा, ड्रायव्हरच नाहीये."