स्वमग्नता, गर्भ आणि दिवसांचा हिशेब

मूल दोन-अडीच वर्षांचे होते, तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, खेळण्यातल्या गाडीची चाके मात्र तासन्‌तास फिरवत बसते. मग एके दिवशी डॉक्टर ‘स्वमग्नता’ (ऑटिझम) हा शब्द उच्चारतात आणि आई मनातल्या मनात नऊ महिन्यांची उजळणी सुरू करते. पपई खाल्ली होती का, ग्रहणात भाजी चिरली होती का, तापाची ती गोळी घ्यायला नको होती का. घरातली माणसेही या उजळणीला हातभार लावतात. वडिलांच्या त्या नऊ महिन्यांची चौकशी सहसा कोणी करत नाही.

आईला आरोपी करण्यात एकेकाळी वैद्यकशास्त्रही मागे नव्हते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढची दोन-अडीच दशके, आईच्या मायेत ऊब नसल्यामुळे मूल असे होते, हे मत प्रतिष्ठित डॉक्टरही मांडत राहिले. त्याला मोठा धक्का दिला तो जुळ्यांनी. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये, ज्यांत किमान एक मूल स्वमग्न होते अशा जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या, तेव्हा एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, तर वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या १० जोड्यांत असे एकदाही आढळले नाही. पाच देशांतील २० लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के ठरला. याचा अर्थ एखाद्या मुलाची स्वमग्नता ८० टक्के जनुकांची आणि २० टक्के परिस्थितीची, असा नव्हे. समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांतील फरकाशी जुळतो, इतकेच तो आकडा सांगतो.

तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी काही जोड्यांत एकच मूल स्वमग्न असते, हे उरतेच. म्हणून गर्भाशयातील परिस्थितीचा विचार करावा लागतो.

त्याचा पहिला ठळक पुरावा रुबेलाने दिला. अमेरिकेत १९६४ साली या गोवरासारख्या दिसणाऱ्या, एरवी सौम्य आजाराची मोठी साथ आली. गरोदरपणात हा संसर्ग झालेल्या मातांची २४३ मुले न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस यांनी तपासली, तेव्हा १० मुलांत स्वमग्नता पूर्णपणे आणि आणखी आठ जणांत अंशतः दिसली. त्या काळी सर्वसाधारण प्रमाण दहा हजारांत चार-पाच असे धरले जाई. पुढे १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरील एका शोधनिबंधाने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवरच स्वमग्नतेचा ठपका ठेवला. नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. स्वमग्नतेचे एक ज्ञात कारण रोखणारी लसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहावी, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

थॅलिडोमाइडची हकीकत याहून बारकाईने पाहण्यासारखी आहे. मळमळीवर दिल्या गेलेल्या या औषधाने १९६० च्या सुमारास हजारो मुले हातापायांच्या व्यंगासह जन्मली. स्वीडनमध्ये या औषधाची गर्भात झळ लागलेल्या १०० व्यक्तींची मोठेपणी तपासणी झाली, तेव्हा किमान चार जण स्वमग्न आढळले. लक्षणीय गोष्ट अशी की, या स्वमग्न व्यक्तींपैकी बहुतेकांचे हातपाय ठीक होते, व्यंग होते ते कानाच्या पाळीत. गर्भाचा बाहेरचा कान घडू लागतो गर्भधारणेनंतर सुमारे विसाव्या ते चोविसाव्या दिवशी, हातपाय त्यानंतर. म्हणजे वेड्यावाकड्या कानाने गोळी नेमकी कोणत्या दिवसांत पोटात गेली याची नोंद करून ठेवली होती. त्या दिवसांत मेंदूची नळी, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती, अजून मिटत असते आणि पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो.

आजच्या काळात अधिक महत्त्वाचे औषध म्हणजे व्हॅल्प्रोएट. फीट येणाऱ्यांना ते आपल्याकडेही सर्रास दिले जाते. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ या काळात जन्मलेल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींत, हे औषध गर्भात पोहोचलेल्या ५०८ मुलांपैकी ४.४ टक्क्यांना स्वमग्नतेच्या छटेतील निदान होण्याचा धोका दिसला. एकूण मुलांत तो दीड टक्का होता. धोका जवळपास तिप्पट, हे खरे. पण शंभरातली पंचाण्णव मुले त्यातून सुटली, हेही तितकेच खरे. म्हणून हे औषध घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याआधीच मेंदूविकारतज्ज्ञांशी पर्यायाबद्दल बोलावे; ते परस्पर बंद मात्र करू नये, कारण गरोदरपणात येणारी मोठी फीट आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालते.

तापाच्या गोळीचे काय? स्वीडनमधील सुमारे २५ लाख मुलांच्या अभ्यासात पॅरासिटामॉल घेतलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नता किंचित जास्त दिसली. मग संशोधकांनी सख्खी भावंडेच शेजारी ठेवली: एकाच्या वेळी आईने गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. फरक नाहीसा झाला. आई तीच, बाप तोच, घर बहुधा तेच. म्हणजे आधी दिसलेला फरक गोळीचा नसून कुटुंबाच्या जडणघडणीचा असावा. हा अभ्यास २०२४ चा, तरी पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर स्त्रियांना या गोळीपासून दूर राहण्यास सांगितले. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचा स्वमग्नतेशी संबंधही काही अभ्यासांत दिसला आहे, विशेषतः शेवटच्या तिमाहीत. तेथे कारण आणि योगायोग यांची फारकत अजून पुरती झालेली नाही.

नॉर्वेतील ८५,१७६ मुलांच्या अभ्यासात मात्र दिलासा देणारी गोष्ट दिसली. गरोदरपणाच्या चार आठवडे आधीपासून आठव्या आठवड्यापर्यंतच्या काळात फॉलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत तीव्र स्वरूपाच्या स्वमग्नतेचे प्रमाण ०.१० टक्के होते, न घेतलेल्यांत ०.२१ टक्के. गोळ्या घेणारी बाई एरवीही प्रकृती अधिक जपणारी असू शकते, तेव्हा सगळे श्रेय गोळीला देता येत नाही. पण मज्जारज्जूच्या व्यंगांपासून ती बाळाला वाचवते, याबद्दल वाद नाही. आपल्याकडे बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवा असे सांगितले जाते. तोपर्यंत थांबलेल्या बाईच्या हाती गोळ्यांची पहिली पट्टी पडते, तेव्हा बाळाच्या मेंदूची नळी मिटून सहा आठवडे होत आलेले असतात.