पार्श्वभूमी : ‘समुदाय’ म्हणजे नेमकं कोण?

एआयचे परिणाम ज्यांना सोसावे लागतात, त्यांच्यासोबत बसूनच ते तपासायचे, ही कल्पना नवी म्हणून सांगितली जाते. तिचं मूळ सत्तरच्या दशकातल्या लोकसहभागी संशोधनात आहे. नाशिक जिल्ह्यापुरती मात्र सुरुवात वनहक्काच्या, म्हणजे जंगलजमीन कसणाऱ्यांनी त्या जमिनीवर केलेल्या दाव्यांपासून धरायला हवी.

२००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांनी गावाच्या वनहक्क समितीला जागेवर जाऊन पाहणी करायचा अधिकार दिला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा ठरला. पुढे दावे तपासताना उपग्रहाची चित्रं आली. सुरगाणा-पेठच्या उतारावरचं नागली-वरईचं वावर उन्हाळ्यात वरून नुसतं उजाड दिसतं. मग चित्र कुठल्या महिन्यातलं, हे कोण विचारणार? २०१२च्या सुधारित नियमांत अखेर लिहिलं गेलं की असं चित्र इतर पुराव्याला पूरक आहे, त्याची जागा घेणार नाही. तरी मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या मोर्चात वनजमिनीचा प्रश्न पुढेच होता. यंत्राचं धरायचं की पाड्याचं, हे भांडण इथं एआयच्या आधीपासूनचं आहे.

खरा गुंता शब्दाचा. संशोधक ‘कम्युनिटी’ म्हणतात, अनुवादात त्याचा ‘समुदाय’ होतो, आणि प्रश्न विचारणारा पोरगा तोंडानं ‘समाज’ म्हणतो. आपल्याकडे ‘तुमचा समाज कोणता?’ याचा अर्थ एकच. एका प्रश्नावलीत हे मी स्वतः पाहिलंय. विचारायचं होतं पाड्याचं मत, रकान्यात भरलं गेलं कोकणा, महादेव कोळी, वारली. वनहक्कात तिसराच शब्द आहे, ‘सामूहिक’, आणि तो बरा, कारण त्यामागे ग्रामसभा उभी असते, कोरम असतो, ठराव असतो. बिगर-व्यक्तिगत, म्हणजे कुणा एका माणसाची ओळख न सांगणाऱ्या डेटाबद्दल केंद्रानं नेमलेल्या समितीच्या २०२०च्या मसुद्यात समुदायाची व्याख्या इतकी सैल होती की समान हितसंबंधांनी बांधलेला कुठलाही गट त्यात बसावा. लासलगावचे कांदा उत्पादक समुदाय, व्यापारीही समुदाय. डेटावर हक्क कुणाचा मग? २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं हा प्रश्नच टाळला. त्यात हक्क आहेत ते व्यक्तीचे. माझ्या मते ती चूकच झाली.

२०१५च्या सिंहस्थात गर्दी मोजायला पावलं टिपणारी चटई वापरून पाहिली गेली. कोण, कुठला, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. २०२७च्या तयारीत चर्चा एआय कॅमेऱ्यांची आहे.

चेहरा ओळखणारं तंत्र तोवर अंगणवाडीत पोचलंय. १ जुलै २०२५पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी लाभार्थी बाईचा चेहरा जुळवणं बंधनकारक झालं. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली सावळ्या बायकांच्या बाबतीत जास्त चुकतात, हे परदेशातल्या एका अभ्यासानं २०१८मध्येच दाखवलं होतं. पेठच्या बाजूला अडचण त्याआधीच सुरू होते. फोटो आधारमधल्या जुन्या फोटोशी जुळत नाही, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो आणि नवरा द्राक्षाच्या कामाला निफाडला. सेविका रेंज शोधत टेकाडावर जाते, पाकिटं खाली पेटीत. लोकांसोबत बसून हे तपासायचं तर त्यात कुणाला बसवायचं, लाभार्थी बायांना की सेविकेला? एका अंगणवाडीखाली कधी तीन पाडे येतात, आणि तिन्ही पाड्यांचं एकमेकांशी पटतंच असं नाही.