मुतखडा, कुळीथ आणि गळ्यातले चार दाणे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत मुतखड्याचा विषय काढा, पहिला दोष टँकरच्या पाण्याला. मग टोमॅटोच्या बिया, मग पालक. नौपाड्याच्या जुन्या चाळींत टँकर येत नसे, पण खडे तिथेही व्हायचे आणि माणसं कुळथाचं कढण पिऊन गप्प बसायची.

समजा, कोलशेतला एक २६ वर्षांचा तरुण आहे. तीन वर्षांत दुसरा खडा. या वेळी डॉक्टरांनी रक्तातलं कॅल्शियमही तपासलं, ते आलं ११.४. साधारण साडेआठ ते साडेदहाच्या आत असायला हवं. झालं, घरात त्याचं दूध-दही बंद. पण हे जास्तीचं कॅल्शियम बरंचसं त्याच्या स्वतःच्या हाडांतून निघतंय. दूध तोडून हाडांची लूट थांबत नाही.

ही लूट चालते गळ्यातून. थायरॉईडच्या मागच्या बाजूला बहुतेकांना चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, एकेक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, वजन ३०-४० मिलिग्रॅम. नावात थायरॉईड असलं तरी कामाचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी इथे दचकू नये. त्या इतक्या बारीक, की शरीरशास्त्रज्ञांच्या नजरेतून फार काळ निसटल्या. रिचर्ड ओवेन यांना त्या दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्यात. माणसातल्या ग्रंथींचं नीट वर्णन झालं ते १८८० मध्ये, स्वीडनच्या ईवार सांडस्ट्रम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याकडून.

रक्तातलं कॅल्शियम घसरलं की या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढतं, मूत्रपिंडाला ‘वाया घालवू नकोस’ म्हणतं आणि ड जीवनसत्त्व जागं करून आतड्यातून जास्त शोषून घेतं. पातळी भरली की ग्रंथींनी हात आखडायचा. आपल्या तरुणाच्या ग्रंथी तो आखडतच नाहीत. मग रक्तात इतकं कॅल्शियम साठतं, की मूत्रपिंडाने कितीही राखलं तरी लघवीत सांडतंच. त्याचे खडे होतात. सोबत तहान, बद्धकोष्ठता, थकवा, उदास वाटणं. यातलं एकेक लक्षण लोकलने रोज मुंबई गाठणाऱ्या कुणालाही असतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

हा आजार एरवी पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त दिसतो आणि दहातल्या आठ जणांत चारपैकी एकच ग्रंथी बिघडलेली असते. ती काढली की काम झालं. पण विशीत कॅल्शियम वाढलं तर डॉक्टर गळ्याइतकेच घराण्यात डोकावतात. आपल्या तरुणाच्या आजोबांच्या पोटात अल्सर होता, सारखा उलटायचा, ऑपरेशन झालं होतं. डोंबिवलीच्या आत्याच्या ‘डोक्यात गाठ’ होती. घरात या दोन वेगवेगळ्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. डॉक्टरांच्या कानाला ती एकच गोष्ट वाटते: पॅराथायरॉईड, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी आणि स्वादुपिंड-आतडं, या सगळ्यांतल्या गाठी एकाच कुटुंबात. पॉल वर्मर यांनी १९५४ मध्ये हे आनुवंशिक असल्याचं दाखवलं. आज त्याला मेन-१ म्हणतात. सुमारे ३० हजारांत एकाला असणारा हा आजार आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

त्यामागचं जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चंद्रशेखरप्पा आणि सहकाऱ्यांनी ते १९९७ मध्ये शोधलं. हे जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन बनवतं. जनुकाच्या दोन प्रती असतात. या मंडळींच्या प्रत्येक पेशीत एक प्रत जन्मापासूनच सदोष. दुसरी शाबूत असेपर्यंत काही बिघडत नाही. एखाद्या पेशीत तीही गेली, की ती पेशी बेलगाम वाढू लागते. चारही ग्रंथींत हे आपापल्या वेळी घडतं. म्हणून एक वाटाण्याएवढी, दुसरी हरभऱ्याएवढी, तिसरी अजून दाण्याएवढीच. स्कॅनवर चमकते ती सगळ्यांत मोठी, आणि फसगत इथेच होते. तेवढी एक काढली तर काही वर्षांत दुसरी डोकं वर काढते.

म्हणून मेन-१ मध्ये बहुधा साडेतीन ग्रंथी काढतात. छातीच्या वरच्या भागातली थायमसही काढतात, कारण एखादी पाचवी ग्रंथी तिथे दडून बसलेली असू शकते. काही शल्यविशारद चारही काढून थोडे तुकडे मनगटाच्या वरच्या स्नायूत पेरतात. तिथे पुन्हा उतू गेलं तर गळा न उघडता हातातून कमी करता येतं. मला ही युक्ती फार आवडते, पण तिला किंमत आहे: पेरलेलं रुजलं नाही तर जन्मभर कॅल्शियमच्या गोळ्या. अर्धी ग्रंथी ठेवली तर ती कधीतरी पुन्हा वाढण्याची धास्ती. हा सौदाच आहे, आणि तो रुग्णाला आधी स्पष्ट सांगायला हवा. फायदा मात्र अनपेक्षित ठिकाणीही होतो. ज्यांना आजोबांसारखा अल्सर गॅस्ट्रिन हे आम्ल वाढवणारं संप्रेरक सोडणाऱ्या गाठीमुळे होतो, त्यांच्यात कॅल्शियम उतरलं की पोटातलं आम्लही कमी होतं.

मग जनुकाची रक्तचाचणी. बहिणीत दोष सापडला नाही तर तिला आणि तिच्या मुलांना दरवर्षीच्या तपासण्यांतून सुटका. सापडला तर वर्षातून एकदा कॅल्शियम आणि पीटीएच, मुलांचं अगदी शाळकरी वयापासून. बहिणीसाठी स्थळं बघणं चालू असलं की नेमका याच वेळी घरात ‘आत्ताच कशाला’ सुरू होतं.

पण आजोबा आणि आत्या बाबांच्या बाजूचे, तेव्हा आधी रक्त द्यायला हवं बाबांनी. नौपाड्याच्या चाळीत असताना त्यांनाही दोनदा खडा झाला होता. ते म्हणतात, मला काही नको, मला कुळथाने गुण आला.