पळायचे कुणाकडे?

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरच्या किशोरकादंबऱ्यांत हल्ली एखादी गुलाम मुलगी नायिका असते. तिचा मालक स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारा असतो आणि त्याचे शत्रू इंग्रज असतात. मग तिचे कोण? हा पेच कादंबरीकारांच्या डोक्यातून निघालेला नाही.

त्या वेळी तेरा वसाहतींत साधारण २५ लाख माणसे होती, त्यांतली पाचेक लाख गुलाम. गुलामी म्हणजे दक्षिणेतले तंबाखूचे मळे, असे आपल्याला वाटते. पण न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरही १७११ मध्ये गुलामांचा बाजार उभा राहिला होता.

नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने जाहीर केले, की बंडखोरांचे जे गुलाम राजासाठी हत्यार उचलतील ते मुक्त. राजनिष्ठ मालकांचे गुलाम यातून वगळलेले होते. डनमोर स्वतःही गुलाम बाळगून होता. तेव्हा भूतदया वगैरे काही नव्हती, शत्रूचे मनुष्यबळ फोडायचे होते. तरी माणसे जिवावर उदार होऊन पळाली आणि त्यांतली कितीतरी छावणीत देवीच्या साथीने मेली. बंडखोरांची बाजूही स्वच्छ नव्हती. त्यांचा पुढारी जेफरसन याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचे खापर राजावर फोडले, काँग्रेसने म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने तो परिच्छेदच गाळला. आणि खुद्द जेफरसनकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते!

१७८१ मध्ये यॉर्कटाउनला वेढा पडल्यावर इंग्रज सेनानी कॉर्नवॉलिसने आपल्याकडच्या देवी आलेल्या काळ्या माणसांना सरळ बाहेर हाकलले. (पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन मराठ्यांच्या जोडीने टिपूशी लढला, तोच हा.)

युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहात इंग्रजांनी जाताना गुलाम किंवा इतर मालमत्ता नेऊ नये, असे कलम होते. जुने मालक इंग्रजांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून, अगदी अंथरुणातूनही माणसे ओढून नेऊ लागले. त्या दिवसांत अन्न गोड लागेना, झोप येईना, असे बॉस्टन किंग या पळून आलेल्या गुलामाने आठवणींत लिहिले आहे. बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन याने गुलाम परत मागितले. इंग्रज सेनापती गाय कार्लटन बधला नाही. मुक्तीचा दिलेला शब्द मोडणार नाही, हवे तर पुढे भरपाईचे बघू, म्हणून त्याने जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवायला लावली. नाव, वय, शरीरयष्टी, पूर्वीचा मालक. अशी सुमारे ३,००० माणसे त्या वहीत आहेत. त्यांत एक डेबोरा आहे. वय २०, चेहऱ्यावर देवीचे व्रण, चार वर्षांपूर्वी पळालेली. पूर्वीचा मालक जनरल वॉशिंग्टन.

ही जहाजे मुख्यतः आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेली. तिथे कडाक्याची थंडी होती आणि जमीन मिळता मिळेना. १७९२ मध्ये त्यांतले जवळजवळ १,२०० जण आफ्रिकेत सिएरा लिओनला निघाले. वॉशिंग्टनच्याच माउंट व्हर्नन या मळ्यावरून पळालेला हॅरी वॉशिंग्टनही त्यांत होता. तिथल्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा बसवला, तेव्हा १८०० मध्ये या लोकांनी बंड केले आणि हॅरीला हद्दपारीची शिक्षा झाली.