खेचराच्या पाठीवरचं गणित

१८६७-६८ च्या हिवाळ्यात मुंबईहून हत्ती जहाजात चढवून आफ्रिकेला पाठवले होते, एक दोन नाही चांगले ४४. अ‍ॅबिसिनियाचा म्हणजे आजच्या इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस, त्याने राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, मग भडकून त्याने ब्रिटिश वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले, आणि त्यांना सोडवायला मुंबई आर्मीचा सेनापती रॉबर्ट नेपियर निघाला. १३ हजार सैनिक, त्यांच्या दुप्पट, म्हणजे २६ हजार नोकरचाकर-हमाल-माहूत, आणि ४० हजारांच्या वर जनावरं. लांबलचक मोहीम आणि लढाई म्हणाल तर जेमतेम दोन दिवसांची! बाकी सगळा खेळ पाणी आणि वैरणीचा, आणि मला तोच जास्त भारी वाटतो.

लाल समुद्राच्या काठी झुला नावाच्या जागी सगळे उतरले, तिथं ऊन रग्गड आणि गोडं पाणी जवळपास नाहीच. सुरुवातीला खेचरं तहानेनेच मेली. मग जहाजांच्या बॉयलरमध्ये समुद्राचं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि तेच पाजायचं. ऐकायला सोपं वाटतं पण पाण्याची वाफ करायला उष्णता प्रचंड लागते, एक किलो कोळशात साधारण सात लिटर पाणी मिळतं असं धरा. एका खेचराला दिवसाला २५ लिटर, अशी १० हजार जनावरं म्हणजे अडीच लाख लिटर, म्हणजे रोज ३५ टन कोळसा नुसता पाण्यासाठी, आणि तो कोळसाही जहाजानेच आणायचा.

आत डोंगराच्या पायथ्याशी कुमायली गाव, तिथं एक नवीन जुगाड वापरला. टोकाला भोकं पाडलेला लोखंडी पाइप घणाने जमिनीत ठोकत न्यायचा, पाणी लागलं की वर पंप बसवायचा. या विहिरीला नंतर इंग्रजीत अ‍ॅबिसिनियन वेल हेच नाव पडलं. मात्र वर बसवलेला पंप पाणी ओढत नसतो, पाइपातली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो, आणि तो दाब समुद्रसपाटीला जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंतच ढकलू शकतो. पुढं डोंगरावर २४०० मीटर उंचीवरच्या सेनाफे गावाला हवाच विरळ, तिथं हीच मर्यादा पावणेआठ मीटरच्या आसपास येते, गळती वगैरे धरून त्याहून कमीच. (आपल्याकडे खोल बोअरच्या हापशाचा सिलिंडर खाली पाण्यातच सोडलेला असतो तो याचमुळे.)

आता खरी मजा वैरणीची. झुलापासून मगदला किल्ला, जिथं तेवोद्रोस कैद्यांना घेऊन बसला होता, सुमारे ६४० किलोमीटर. खेचर ८० किलो ओझं घेतं, दिवसाला १६ किलोमीटर चालतं आणि काटकसरीने ५ किलो खातं असं धरू. म्हणजे पाठीवरचं सगळं ते स्वतःच १६ दिवसात संपवणार, आठ दिवस जायचे आठ दिवस यायचे, पोचवलं काय तर शून्य! मग टप्पे करा. चार दिवस पुढं, ४० किलो उतरवा, चार दिवस मागं. प्रत्येक टप्प्याला माल निम्मा होतो, आणि असे टप्पे दहा, म्हणजे मगदलाला एक गोणी पोचवायला किनाऱ्यावरून १०२४ गोण्या निघायला हव्यात. एकेक दिवसाचे छोटे टप्पे केले तर आकडा दोनशेच्या आसपास येतो, तरी कुणाला परवडणार. रॉकेटचंही हेच रडगाणं असतं, इंधन न्यायला इंधन.

त्यात जनावरं रोगाने पटापट मरायला लागली. आफ्रिकन हॉर्स सिकनेस, एक व्हायरस, चिलटांसारख्या बारक्या माश्यांमधून पसरतो, पण १८६७ मध्ये व्हायरस ही कल्पनाच नव्हती त्यामुळे करणार काय. घोड्यांना तो सगळ्यात घातक, खेचरं त्यातल्या त्यात तग धरतात, गाढवांना फारसं काही होत नाही.

मग नेपियर पोचला कसा? किनाऱ्यापासून डोंगराच्या दिशेने चक्क रेल्वे टाकली, पुढं सैन्य कमी करत नेलं, शेवटी मगदलापुढं चारेक हजारच होते. आणि मुख्य म्हणजे दाणा-वैरण वाटेतच विकत घेतली. त्या भागात ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा हिच्या छापाचं चांदीचं नाणं चालायचं, तेही १७८० साल छापलेलंच, म्हणून व्हिएन्नाच्या टांकसाळीतून मागवली. वाटेवरच्या तिग्रे प्रांताचा सरदार कासा याने वाट दिली, धान्य दिलं, बदल्यात नंतर बंदुका घेतल्या आणि पुढं तोच योहानेस चौथा म्हणून सम्राट झाला. इंग्रजांची शिस्त वगैरे कौतुक खूप होतं, पण मला विचाराल तर तिग्रेच्या शेतकऱ्यांनी धान्य विकलं नसतं तर ही मोहीम अर्ध्या वाटेतच उपाशी बसली असती.

हत्ती तोफा आणि मॉर्टर (उखळी तोफा) वाहत होते, खायचे भरपूर पण सुटं न होणारं ओझं खेचरावर टाकता येत नाही म्हणून ते हवेच होते. १० एप्रिल १८६८ ला मगदलाजवळ अरोगेला लढाई, सातशेच्या आसपास इथिओपियन मेले, ब्रिटिश बाजूचे दोन. १३ तारखेला किल्ला पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडलं, राणी व्हिक्टोरियाकडूनच भेट आलेलं. कैदी त्याआधीच सोडलेले होते.

परतताना ओझ्याचा हिशोब एकदम सैल झाला. मगदलाची लूट, त्यात चर्चच्या हस्तलिखितांपासून मुकुटापर्यंत सगळं, खाली आणायला १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरं सहज मोकळी निघाली.