पिंजऱ्यातला कीर : बंदिवान प्राण्यांविषयीच्या कवितेची पार्श्वभूमी

गोव्यातील जुन्या घरांच्या वसरीत पूर्वी पोपटाचा पिंजरा टांगलेला दिसे. फोंडा तालुक्यातील माझ्या आजोळी असाच एक कीर होता. दांडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो दिवसभर सरकत राही, टोक आले की मान वळवून पुन्हा मागे फिरे. घरातली माणसे मायेने त्याला पेरूची फोड देत. त्याच्या येरझाऱ्या मात्र कोणाला खटकत नसत. मराठी कवितेतही पोपट पूर्वीपासून आहे, पण त्याचे दुःख त्याचे म्हणून फार उशिरा उमटले.

‘ज्ञानेश्वरी’च्या (१२९०) सहाव्या अध्यायात नळीवर बसलेला पोपट येतो. त्याच्या भाराने नळी फिरते आणि तो उलटा होतो. त्याला कोणी बांधलेले नसते, पाय सोडले तर उडता येईल, पण आपण अडकलो या समजुतीने तो नळी अधिकच घट्ट धरतो. पक्षी धरण्याच्या युक्तीचे इतके नेमके वर्णन असूनही दृष्टान्त आहे तो भ्रमात गुंतलेल्या जीवाचा. जात्यावरच्या ओव्यांतही राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे कन्या.

रेव्हरंड टिळकांच्या (१८६१–१९१९) ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेने हे चित्र पालटले. तिच्यातील पक्षीण बंदिवान नाही, ती घायाळ आहे. पण पिलांना शेवटचा घास भरवणारी ती आई कशाचे प्रतीक म्हणून येत नाही, तिची वेदना तिचीच आहे. आमच्या पिढीने ही कविता शाळेत पाठ केली आणि म्हणताना अनेकांचा आवाज कापरा झाला.

पाश्चात्त्य कवितेतही पिंजरा बराच काळ माणसाचाच राहिला. आईवडिलांनी गुलामगिरी भोगलेल्या पॉल लॉरेन्स डनबार या अमेरिकन कवीने १८९९ मध्ये गजांवर पंख आपटून रक्तबंबाळ होणारा पक्षी रंगवला. तो पक्षी म्हणजे त्याचा कृष्णवर्णीय समाज होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत रायनर मारिया रिल्के या जर्मन भाषेतील कवीने पॅरिसच्या ‘जार्दँ द प्लांत’ या उद्यानातील प्राणिसंग्रहालयात बिबळ्यासमोर उभे राहून जे पाहिले, ते अवघ्या बारा ओळींत मांडले. सतत समोरून सरकणाऱ्या गजांनी बिबळ्याची नजर इतकी थकली आहे की जणू हजार गज आहेत आणि त्यांच्यापलीकडे जगच नाही. तो अगदी लहानशा वर्तुळात फिरत राहतो. मधूनच बुबुळावरचा पडदा उघडतो, एखादे चित्र आत शिरते, ताणलेल्या अंगातून जाते आणि हृदयाशी पोचून विझते. कवी हळहळत नाही, कोणाला दोषही देत नाही. माझ्या मते या विषयावर यापेक्षा खोल कविता नाही, कारण तिच्यात कवी स्वतःला विसरून पाहत राहिला आहे. अशा येरझाऱ्या हे बंदिवासातील मानसिक ताणाचे लक्षण असू शकते, हे पुढे प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनीही नोंदवले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता आपल्याकडचे रानपोपट असे घरात पाळता येत नाहीत. आजोळच्या वसरीतला पिंजराही केव्हाच गेला. दार उघडे ठेवले तरी कीर बाहेर पडत नाही, त्याला आपल्या घराची माया लागली आहे, असे आजी कौतुकाने सांगत असे. त्याचे पंख कातरलेले होते.